बंगारूचं रक्त

रत्नव्वा : अजून किती येळ त्या दुर्बिणीत बघणार, बाई? मशीन हाय की तितं कोपऱ्यात.

डॉ. विद्याश्री : ते कुत्र्यामांजरांच्या रक्ताचं, अव्वा. पाखराच्या तांबड्या पेशीत मधोमध एक केंद्र असतं. मशीन फसतं, तिलाच पांढरी समजतं. म्हणून डोळ्यांनीच मोजायचं. सकाळपासून हेच चाललंय, मान धरलीय नुसती.

रत्नव्वा : मग? काय म्हंतंय रक्त?

डॉ. विद्याश्री : पांढऱ्या पेशी फार वाढल्यात. अंगात जंतू शिरलेत त्याच्या. पिसं फुलवून बसतो म्हणालात ना?

रत्नव्वा : बसतंय की, गप. दाण्याला तोंड लावत न्हाय. माजी नात पुण्याला नोकरीला गेली, जाताना म्हनली, आज्जे, बंगारूला सांभाळ. तवापास्नं घरात माज्याशी बोलणारं त्येवढंच हाय. (खोकत राहते.)

डॉ. विद्याश्री : हा खोकला कधीपासून?

रत्नव्वा : काजळीचा हाय. साखर कारखाना सुरू झालाय न्हवं.

डॉ. विद्याश्री : इकडं बघा माझ्याकडं. ताप येतो?

रत्नव्वा : येतोय जरा. अंग मोडून जातंय.

डॉ. विद्याश्री : पिंजरा कोण झाडतं?

रत्नव्वा : मीच झाडतो. दुसरं कोण हात लावतंय?

डॉ. विद्याश्री : या कॉकाटेलसारख्या पोपटाच्या जातीतल्या पाखरांचा एक ताप असतो, अव्वा. वाळल्या घाणीच्या धुळीतनं माणसाच्या छातीत उतरतो. तोच आहे, असं नुसत्या रक्तावरून सांगता येत नाही. दुसरा नमुना बाहेर तपासायला पाठवतेय. पण तुम्ही आजच छातीच्या डॉक्टरांकडं जायचं. घरात आजारी पाखरू आहे, हे आधी सांगायचं.

रत्नव्वा : शिवाला कळू देऊ नका. माजा ल्योक, भाईर उभा हाय. पाखरू घरात ठेवायचा न्हाय बघा त्यो.

डॉ. विद्याश्री : सांगावंच लागेल. त्यांनाही लागू शकतो. शिवप्रसाद, जरा आत या.

शिवप्रसाद : काय झालं, डॉक्टर?

डॉ. विद्याश्री : पाखराचा आजार आईंना लागला असावा. वेळेत औषध घेतलं की माणूस बरा होतो. पाखरू तोवर मी इथं वेगळं ठेवते.

शिवप्रसाद : अव्वा, ताप हाय तुला? कधीपास्नं?

रत्नव्वा : झालं की आठ-धा दिस.

शिवप्रसाद : मला का न्हाय सांगिटलंस?

रत्नव्वा : सांगिटलं असतं तर ह्येला घालवलं असतंस.

शिवप्रसाद : आगं, एका घरात ऱ्हातोय आपण.

रत्नव्वा : व्हय. ऱ्हातोय की.

शिवप्रसाद : ...डॉक्टर, जगंल काय त्ये?

डॉ. विद्याश्री : मघाशी दोन दाणे टिपलेत. बघू.

शिवप्रसाद : करा औषध. बरं झालं की न्यायला मीच येतो. अव्वा, ऊठ. सावकाश. रिक्षा बोलवू काय?

रत्नव्वा : नगं. तुज्या गाडीवरच बसतो. धरून बसाय येतंय.