पृथ्वी अजून थंड झालेली नाही

मला वाटलं होतं, या म्हाताऱ्या मंडळींचे डोळे लकाकतील! तुम्हाला सांगते, दिल्लीत शिकत होते तेव्हापासून डोक्यात चित्र तयार होतं... धारूरचं समाजमंदिर, भिंतीवर पडदा, समोर आमची रिटायर मंडळी वह्या घेऊन बसलेली आणि इंटरनेटवरून एक तरुण प्राध्यापक सांगताहेत, पृथ्वी कशी घडली! चाळीस दिवस, चाळीस व्हिडिओ, की म्हातारपणाला नवा अर्थ! आणि प्रत्यक्षात? तीन आठवडे झाले, आम्ही पहिल्याच व्हिडिओच्या अकराव्या मिनिटावर आहोत. अकराव्या! पृथ्वी अजून थंडसुद्धा झालेली नाही!

का? राधाकिशन गुरुजी! हे मुख्याध्यापक रिटायर झाले, यांची छडी नाही झाली. प्राध्यापक नुसते "नमस्कार" म्हणाले, की गुरुजी, "थांबव गं ते! नमस्कार म्हणला, पण हात कुठं जोडले?" घ्या! पुन्हा लावते. "लाव्हा म्हणजे..." "थांबव गं ते! लाव्हा म्या सांगतो." आणि सांगतात की! व्हिडिओत जे येणार तेच, फक्त पाऊण तास!

त्यात मालनबाई. सरकारी दवाखान्यात नर्स होत्या, अजून सगळं जग त्यांना आजारीच दिसतं. "थांबव गं ते! डोळे बघ लेकराचे. कावीळ हाय त्याला." अहो, प्रोजेक्टर जुना आहे, पिवळं दाखवतो! "मला नको शिकवू, म्या लई काविळी बघितल्यात." मग त्या लेकरानं काय खावं, काय टाळावं... गेला दिवस!

आणि हा खटाटोप कोणासाठी? माझ्या वडिलांसाठी, अण्णांसाठी! कचरू ड्रायव्हर म्हटलं की मांजरसुंब्याच्या ढाब्यांपर्यंत ओळख. एकतीस वर्षं घाटातून एसटी चालवली, गाडीला ओरखडा नाही. रिटायर झाले आणि बोलणंच संपलं. "अण्णा, जेवलात?" "हं." "बरं वाटत नाही का?" "हं." आठ महिने! दिवसभर ओट्यावर बसून रस्ता बघायचा, बस. वर्गातही दाराशी बसायचे, तिथं तर 'हं'सुद्धा नाही. मला सांगा, संताप येणार नाही? ज्या व्हिडिओनं हा माणूस बोलता व्हायचा, तो व्हिडिओ ही मंडळी चालूच देत नाहीत!

काल मी ठरवूनच गेले. माऊस पदरात... म्हणजे ओढणीत गुंडाळला. "आज काही झालं तरी थांबवणार नाही!" व्हिडिओ चक्क चालू राहिला. प्राध्यापक म्हणाले, "काळ्या खडकांच्या थरांमध्ये कधीकधी तांबडा पट्टा दिसतो..."

"थांबव गं ते!"

मी फणकारून वळले, गुरुजींवर ओरडायला तोंड उघडलं... गुरुजी दाराकडे बघत होते. अण्णा उभे होते.

"आपल्या घाटात हाय तसला पट्टा. तिसऱ्या वळणाला."

माझ्या डोळ्यांत पाणी यायचं, तेवढ्यात गुरुजी, "चौथ्या! कचरू, चौथ्या वळणाला."

"गुरुजी, तुमी खिडकीला डोकं लावून घोरायचात. गाडी म्या चालवायचो!"

"मी घोरत नसतो!"

"सगळी गाडी ऐकायची!"

"तिसरंच हाय," मालनबाई उठल्या. "दोन बाळंतपणं केलीत म्या त्या वळणाला, याच्याच गाडीत. मला वळण शिकवता?"

मग काय विचारता! दीड तास! अण्णांनी अख्खा घाट फळ्यावर काढला. इथं दुसरा गिअर, इथं पावसाळ्यात दगड येतो, इथं समोरच्याला आधी जाऊ द्यायचं... आणि गुरुजी, तुम्हाला सांगते, गुरुजी वहीत उतरवून घेत होते! अभ्यासक्रमाचं काय? माझ्या चाळीस व्हिडिओंचं काय? कोणाला पर्वा! मी तणतणत घरी आले. संध्याकाळी भाकरी वाढताना अण्णा हळूच म्हणाले, "उद्या किती वाजता हाय गं?"

आठ महिन्यांतला पहिला प्रश्न.

आज सकाळी मी निर्णय घेतला. सगळ्यांच्या आधी गेले, पडदा ताणला, व्हिडिओ लावला आणि प्राध्यापकांनी "नमस्कार"साठी तोंड उघडताच... मीच थांबवला! आता बसलेत बिचारे पडद्यावर आ वासून. बसू देत. तीन-तीन मास्तर आहेत या वर्गात, एक तरी विद्यार्थी नको का?