झाडावरून पुसलेलं माझं लग्न

सकाळचे बरोबर नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती. भावजींनी मोबाईलमधल्या, सगळ्या पावण्यांना लिहिता येणाऱ्या वंशावळीच्या झाडावर माझं लग्न नोंदवलं. खाली 'विशेष घटना' असा रकाना होता. सासूबाई म्हणाल्या, "लिही, हिच्या भावानं मला मानाची साडी दिली न्हाय."

रविवारी लेकीचं जावळ, आणि ते तिला मामाच्या, म्हणजे माझ्या भावाच्याच मांडीवर बसवून काढायचं.

मी सासूबाईंना म्हणाले, "आत्याबाई, नका की लिहू. सगळ्या पावण्यांना दिसतंय ते."

"दिसू दे की! खरं हाय."

दहा मिनिटांत चंदगडहून माझ्या भावानं त्याच रकान्यात लिहिलं, "आमच्या पंगतीला मठ्ठा संपला होता." दुपारपर्यंत सगळ्या पावण्यांनी आपापला अपमान लिहून टाकला.

आता सासूबाई घाबरल्या. "पूस रं ते समदं!"

भावजींनी पुसलं, तर रकान्याबरोबर लग्नच गेलं. आता झाडावर मला नवराच नाही, लेक तेवढी खाली लोंबकळतेय. चुलत सासऱ्यांचा लगेच फोन, "सूनबाई, काडीमोड झाला व्हय? मग जावळ कुणाच्या घरात?"

भाऊ तर फोनच उचलत नाही. तेव्हा बायांनो, सगळ्यांना सांगा, लग्न शाबूत आहे, जावळ आमच्याच घरी आहे. आणि चंदगडला कुणी जाणार असेल, तर माझ्या भावाला आधी सांगा, मांडी त्याचीच लागणार आहे.