खाली लागेल ते वर

(वरच्या मजल्यावरची खोली, शेजारी उघडी गच्ची. भाऊजी शर्टाला काजं करत बसलेत. वहिनी दारातच उभ्या.)

भाऊजी : …आणि भोकं पाडली की पाणी मुरणार. गच्ची गळली तर ती माझ्या डोक्यावर गळते, वहिनी. तुम्ही खाली कोरड्या.

वहिनी : चार स्क्रू आहेत, भाऊजी. डिशवाला म्हणाला, वरून सिमेंट भरून देतो, थेंब आत येणार नाही.

भाऊजी : म्हणायला त्याचं काय जातंय. उद्या तो कुठे नि आपण कुठे.

वहिनी : मग कठड्याला लावू दे.

भाऊजी : कठडा हलतो.

वहिनी : बरं, पाण्याच्या टाकीशेजारी.

भाऊजी : तिथे माझे कपडे वाळतात.

वहिनी : दोन शर्ट आणि एक टॉवेल. त्यांना अशी किती जागा लागते?

भाऊजी : आहे ती केबल काय वाईट आहे?

वहिनी : वारा सुटला की माणसांच्या तोंडाचे चौकोन होतात. परवा सिरियल ऐन रंगात आली आणि पडदा निळा. केबलवाल्याला फोन केला तर म्हणतो, बघतो मावशी. वर्षभर बघतोच आहे. शेवटी मुलाने तिकडून डिशचं ठरवून टाकलं. म्हणाला, आई, तू एकटी असतेस, टीव्ही तरी धड चालू दे. दोन बॉक्स सांगितलेत त्याने. एक मला, एक काकाला. तुमचं नाव त्याने आपणहून घेतलं, मी सुचवलं नव्हतं.

भाऊजी : पोरगा गुणी आहे. त्याला सांगा, काकाला नको.

वहिनी : हे बघा, हे गेल्यापासून मी या जिन्याची पायरी चढले नव्हते. आज गुडघे धरत आले ती भांडायला नाही. राग माझ्यावर असेल तर तो डिशवर काढू नका.

भाऊजी : राग कसला?

वहिनी : ते मला कसं कळणार? हे होते तोवर रोज संध्याकाळी खाली येऊन बसायचात. मॅच असली की दोघं भाऊ मला स्वयंपाकघरात पिटाळायचात, मी आले की आपली बाजू हरते म्हणून. हे गेले आणि तुम्हीही येईनासे झालात. जिन्यात दिसलात तर “बरं आहे ना” म्हणायचं आणि मान खाली घालून जायचं.

भाऊजी : आलो होतो एकदा. पाहुणे पांगल्यावर. माझी खुर्ची भिंतीला सारलेली आणि तिच्यावर चादरींचा ढीग. म्हटलं, वहिनींना आता कुणी यायला नकोय.

वहिनी : घड्या घालायला हात उचलत नव्हते माझे, म्हणून तो ढीग. उचलून खाली ठेवायचात की.

भाऊजी : तेव्हा सुचलं नाही.

वहिनी : वर्षभर सुचलं नाही?

भाऊजी : नंतर फार दिवस झाले. तेवढे दिवस झाले की मग यायला काहीतरी कारण लागतं.

वहिनी : डिश का नको, ते सरळ सांगा. कठडा हलत नाही. येताना मी धरून बघितला.

भाऊजी : तुमच्या बॉक्सच्या मागून एक वायर निघते. बघितलीय?

वहिनी : यांनी वर ओढली होती ती ना? तुमचा पाय मोडला तेव्हा. पडल्या पडल्या मॅच बघता यावी म्हणून.

भाऊजी : तीच. तिला वेगळा बॉक्स नाही. खाली लागेल ते वर दिसतं. इथल्या रिमोटने आवाज तेवढा कमी-जास्त होतो.

वहिनी : म्हणजे वर्षभर मी जे लावते…

भाऊजी : तेच मी बघतो.

वहिनी : आणि एका शब्दाने बोलला नाहीत.

भाऊजी : तुम्ही टेलिफोन एक्स्चेंजात होतात. लोकांचं बोलणं कानावर पडायचं, ते त्यांना सांगायचात का?

वहिनी : आम्ही फोन जोडून दिला की कान काढून घ्यायचो. बहुतेक वेळा. …ते जंगलातल्या प्राण्यांचंही बघता? मी ते दुपारी डोळा लागावा म्हणून लावते.

भाऊजी : तुमचा डोळा लागतो आणि मी हत्तींची पिल्लं मोजत बसतो.

वहिनी : हसू नका.

भाऊजी : हसत नाही. सकाळी पडद्यावर चित्र आलं की कळतं, वहिनी उठल्या, चहा टाकला असेल. मग मी माझा टाकतो. बातम्यांत अपघात दाखवला की तुम्ही झटकन बदलता. गाणी लागली की थांबता. एक गाणं आहे मात्र, ते आलं की टीव्हीच बंद करता. ते दादाचं होतं.

वहिनी : हो.

भाऊजी : एकदा सकाळी चित्र आलंच नाही. बराच वेळ वाट बघितली.

वहिनी : तेव्हा काडेपेटी मागायला आला होतात. मी तापाने फणफणले होते. डॉक्टरला घेऊन आलात. मला वाटलं, नशीब, नेमकी यांची काडेपेटी संपली.

भाऊजी : काडेपेट्या माझ्याकडे ढीगभर आहेत.

वहिनी : इतकं सगळं करण्यापेक्षा जिना उतरणं सोपं होतं, भाऊजी.

भाऊजी : असेल. आता दोन बॉक्स आले की तुमचं तुमच्यापाशी, माझं माझ्यापाशी. मला काय बघायचं असतं, हेच मला आता ठाऊक नाही. पण तुम्हाला अवघडल्यासारखं होत असेल तर लावा डिश. मी कपडे दुसरीकडे वाळत घालीन.

वहिनी : होतंय अवघडल्यासारखं, खोटं कशाला बोलू. बाई घरात एकटी असली की ती काय लावते, काय बंद करते, ते कुणी बघत नाही असं धरून चालते.

भाऊजी : बरोबर आहे तुमचं.

वहिनी : कितीदा तर मी बघतही नसते. टीव्ही लावून स्वयंपाकघरात जाते. घरात कुणीतरी बोलतंय असं वाटावं म्हणून. तेव्हाही तुम्ही बघत होतात?

भाऊजी : मला वाटायचं, तुम्ही समोर बसलेल्या आहात.

वहिनी : …डिशवाला खाली ताटकळलाय. त्याला परत पाठवते. मुलाला सांगेन, काका गच्ची देत नाही.

भाऊजी : खुशाल सांगा. त्याला लगेच पटेल.

वहिनी : केबलवाल्याला तेवढं तुम्ही फैलावर घ्या. वायर नीट ताणून बांधायला सांगा. माझ्या बोलण्याला तो दाद देत नाही.

भाऊजी : आजच गाठतो त्याला.

वहिनी : आज मॅच आहे का एखादी?

भाऊजी : आहे वाटतं संध्याकाळी.

वहिनी : लावते मग. खाली येता बघायला?

भाऊजी : आज नको. आज वरूनच बघतो.

वहिनी : बरं. जशी तुमची मर्जी.

भाऊजी : वहिनी… नुसती लावून उठून जाऊ नका मात्र.