दर दोन महिन्यांनी फाटणारा बूट

माझी नोकरी एकदा एका चिंधीपायी जाता जाता राहिली, ते सांगतो.

सुलतानपूरजवळच्या एका खदानीत मी डंपरचा मिस्त्री होतो. एक्सलच्या सांध्यावर रबरी बूट, म्हणजे रबराचं आवरण, असतो. तो फाटला की आतलं ग्रीस बाहेर पडतं, धूळ आत जाते आणि सांधा खलास होतो. बाकी डंपरांचे बूट वर्षभर सहज टिकायचे, पण ड्रायव्हर शेषरावकाकांच्या गाडीचा दर दोन महिन्यांनी फाटायचा. आणि गाडी सगळ्यांत जास्त जपणारे तेच. म्हणून मालकांचा संशय माझ्यावर आला.

"काकांच्याच गाडीचा बूट काऊन फाटते बे? डुप्लिकेट माल बसवून राह्यला काय? आता फाटला तं घरी बस."

मी नवा बूट बसवला. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्यांच्या गाडीकडे गेलो, तर काका गाडीखाली पडून डिझेलमध्ये भिजवलेल्या चिंधीनं तो बूट पुसत होते.

"काका, हे काय करून राह्यले?"

"रोजच पुसतो. रबर नरम राह्यते."

"नरम नाही, फुगते अन् फाटते! डिझेल रबराले खाते. साबनाच्या पान्यानं पुसत जा."

काकांचा चेहरा पडला. "म्हंजे बूट मी फाडले, अन् बोलनी तू खाल्ली?"

ते तसेच उठले, मला मालकांकडे घेऊन गेले आणि सगळं कबूल केलं.

मालक भडकले. "डिझेलनं पुसाची अक्कल कोनं देली तुमाले?"

काका म्हणाले, "तुमीच, मालक. कामाले लागलो त्या पहिल्याच दिवशी."