राखणीचा प्लॉट

— नाही हो, साप नाहीये, गंमत केली. बसा त्या बादलीवर, पालथीच आहे. मागच्या गिऱ्हाइकाला पण सापच सांगितला, तर तो बूट हातात घेऊन पळाला — अहो, साप असला तर बूट पायात नको? एवढंही डोकं नाही, आणि निघाला जागा घ्यायला! त्याआधी एक जोडपं आलेलं. त्यांना म्हटलं, इथे रोज कुणीतरी कण्हतं. कोण, म्हणे. कोण म्हणजे? मीच की, गुडघे धरून!

जागा चांगली आहे, खोटं कशाला बोलू? मुलगा म्हणतो, आई, सोनं चोरीला जातं, जमीन कुठे पळून जात नाही. खरंय — ती पळत नाही, पण राखायला माणूस लागतं. हा बाजूचा प्लॉट बघा — मालक आठ दिवस लग्नाला गेला, येऊन बघतो तर त्यावर दुसऱ्याच कुणाची शेड! अजून कोर्टात खेटे घालतोय. म्हणून मुलाने पत्रे ठोकले, खाट टाकली — आणि घरात रिकामं कोण? मी! कुणी राहतंय असं दिसलं पाहिजे, म्हणे. मग काय, दोरीवर रोज कपडे घालते, धुतले नसले तरी. मुलाचा जुना शर्टही टांगते, आत कुणी धटिंगण आहे असं वाटावं म्हणून. सकाळी त्याच्यावर ओरडतेसुद्धा — ऊठ की रे मेल्या, किती लोळशील! — लोकांना खरंच वाटतं. दोन महिने राहा म्हणाला होता, चार वर्षं झाली. भाव वाढला की विकू, म्हणतो, आणि वाढला की म्हणतो, वाढतोय तर आत्ता कशाला विकायची?

मालक कोण? अहो, मीच! हसता काय — बाईच्या नावावर घेतली की नोंदणीचा सरकारी खर्च कमी येतो ना, म्हणून माझ्या नावावर. चौथी शिकलेय मी, सही करते, चांगली झोकात. मनात आणलं तर आत्ता इथे बसून विकेन, त्याला विचारायचंही कारण नाही.

मग का नाही विकत, असं ना? — मध्ये घरी जाऊन आले. माझ्या खोलीत सुनेने शिलाईच्या मशिनी मांडल्यात, तीन. वाईट नाही हो ती, चहा दिला, बाहेरची चांगली खुर्ची दिली बसायला — पाहुण्यांची. मुलगा म्हणतो, आई, तू इथे, मग प्लॉटवर कोण? म्हटलं, शर्ट आहे. नाही हसला. सोडायला आला लगेच. तसा दर रविवारी येतो, चुकत नाही. भाजी आणतो, आधी चारी कोपरे फिरून बघतो, मग मला बघतो. प्लॉटच नसला तर रविवारी कशाला —

काय म्हणालात? मी म्हणेन तो भाव? आजच?

...

नाही द्यायची मला. का म्हणजे काय, माझी आहे, नाही द्यायची. उठा. उठा म्हटलं ना! आणि जाताना फाटकाची कडी घाला. बाहेरून. आतून लागत नाही ती.