शेठाणी उठेनात

अनिकेतच्या गेम कंपनीत पैसा लावणारे शेठजी आमच्या लग्नानंतर घरी आले होते, तेव्हाची गोष्ट सांगते. सोबत शेठाणी, नवी नवरी बघायला. अनिकेतने पोह्यांच्या आधी लॅपटॉपवर आकड्यांचे चार्ट उघडले, कारण दोघांनी मिळून खेळायचा भाग शेठजी रद्द करणार होते आणि त्यात त्याची वर्षभराची मेहनत होती.

"शेठजी, एक जण घेईल तो मित्राला ओढून आणेल. मग दोघंही टिकतील."

"भिया, खर्चा डबल है. लोग अकेले भी तो खेलते हैं."

मला मध्ये बोलवेना, म्हणून मी टीव्हीवर तोच गेम लावला आणि शेठाणींच्या हातात दुसरा कंट्रोलर दिला. आम्ही दोघी गेममधल्या जंगलात शिरलो आणि पहिल्याच राक्षसाने मला आडवं केलं.

तेवढ्यात शेठजी उठले. "चलो, देर हो रही है."

"अकेली होती तो कब की उठ जाती," शेठाणी पडद्यावरून नजर न काढता म्हणाल्या. "बहू घायल पड़ी है, इसको छोड़ के कैसे आऊँ?"

शेठजी परत बसले. दहा मिनिटं आमचा खेळ बघितला.

मग अनिकेतकडे वळून हळूच म्हणाले, "वो चार्ट बंद कर, भिया. ये बता, इसमें तीसरा घुस सकता है क्या?"