नानांचा टॉवरविरोधी अर्ज

लहरींचं सोडा, लहरी माणसाचं सांगतो. पिंप्राळ्यातले आमचे शेजारी नाना. मोबाइल टॉवरच्या लहरी घातक म्हणून एप्रिलच्या भर दुपारी उघड्या डोक्यानं दारोदार सह्या मागत फिरत होते. चेहरा भरताच्या वांग्यासारखा भाजलेला. माझ्याकडे आले. मी पडलो विज्ञानाचा मास्तर, शिकवल्याशिवाय सही कशी देणार?

म्हटलं, "नाना, रेडिओच्या लहरी, मोबाइलच्या लहरी, उजेड, एक्स-रे, सगळं एकच खानदान. टॉवरवाल्या त्यातल्या गरीब. तुम्हाला भाजतंय ते ऊन त्यांच्यापेक्षा जहाल."

"ऊन बी त्यामाच शे का?"

"हो, नाना, ऊनही त्याच खानदानातलं."

मला वाटलं, पटलं. नानांनी शांतपणे पेन काढून अर्ज माझ्यापुढे सरकवला.

"मंग अर्जमा सूर्यनं बी नाव टाक. आन् सही कर."